नवा दिग्दर्शक मरगळलेल्या हेरपटमालिकेला पुन्हा उभे करू शकतो का?

आपला प्रश्न असा आहे की, जेम्स बॉण्डच्या आगामी चित्रपटासाठी दनी व्हिलनव्ह यांच्यासारख्या नामवंत दिग्दर्शकाची निवड झाल्यामुळे साठी ओलांडलेली ही मालिका पुन्हा तरतरीत होईल का, की अशा मालिकांमध्ये दिग्दर्शक कोण आहे याने फारसे बिघडत किंवा सुधारत नाही. माझे उत्तर असे की फरक पडतो, पण तो केवळ दिग्दर्शकाच्या नावामुळे पडत नाही. आपल्याच मालिकेतले काय काय टाकून द्यायचे, हे मालकांनी आधी मनाशी ठरवलेले असेल, तरच नवा दिग्दर्शक काही करून दाखवू शकतो. तसे ठरलेले नसेल, तर कितीही गुणी माणूस आणला तरी पहिले पाढे पंचावन्न. बॉण्डच्या इतिहासात या दोन्ही प्रकारांचे पुरावे इतके आहेत की उदाहरणांसाठी फार लांब जावे लागत नाही.

सर्वप्रथम मार्टिन कॅम्पबेल यांचे नाव घ्यावे लागते, कारण या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकाने ही मालिका एकदा नव्हे, तर दोनदा सावरली: 1995 मध्ये ‘गोल्डनआय’ करून आणि 2006 मध्ये ‘कसिनो रोयाल’ करून. त्यांच्या नावाचा दाखला देऊन बरेच जण ‘बघा, योग्य दिग्दर्शक मिळाला की झाले’ असा निष्कर्ष काढतात. मात्र दुसऱ्या वेळेची परिस्थिती नीट पाहिली, तर तो निष्कर्ष टिकत नाही. त्याआधीचा चित्रपट, म्हणजे 2002 चा ‘डाय अनदर डे’, हा अदृश्य होणारी मोटार, बर्फाचा राजवाडा आणि संगणकावर बनवलेल्या लाटेवर तरंगणारा नायक यांमुळे आज थट्टेचा विषय झाला आहे. पण तिकीटबारीवर तो पडलेला नव्हता. त्याने जगभरात सुमारे 43 कोटी डॉलर मिळवले आणि नुसत्या रकमेच्या हिशेबाने तोवरच्या सर्व बॉण्डपटांना मागे टाकले. गल्ला भरत असताना निर्माते सहसा साचा बदलत नाहीत. बार्बरा ब्रॉकली आणि मायकल विल्सन या निर्मात्यांनी तो बदलला, पिअर्स ब्रॉस्नन यांच्यासारख्या लोकप्रिय नायकाला निरोप दिला आणि बॉण्डचे जनक इयान फ्लेमिंग यांच्या 1953 च्या पहिल्याच कादंबरीकडे ते परत गेले. या कादंबरीचे हक्क अनेक वर्षे त्यांच्या हाती नव्हते. 1999 मध्ये सोनी आणि एमजीएम या चित्रपट कंपन्यांमधील तडजोडीने ते मिळाले. कॅम्पबेल यांचे काम सुरू होण्यापूर्वीच निम्मी लढाई जिंकली गेली होती, असे मला वाटते.

याहून बोलकी गोष्ट अशी की, ‘कसिनो रोयाल’च्या पटकथेवर काम करणाऱ्यांत नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड हे दोघे होते, आणि त्या बदनाम ‘डाय अनदर डे’चे लेखकही तेच दोघे होते. पॉल हॅगिस यांनी नंतर त्या पटकथेवर हात फिरवला हे खरे. संगीतकार डेव्हिड अर्नोल्ड तेच, ‘एम’च्या, म्हणजे बॉण्डच्या हेरसंस्थेच्या प्रमुखाच्या, भूमिकेत जुडी डेंच त्याच आणि निर्मातेही तेच. म्हणजे मालिका थकली होती ती माणसांच्या कुवतीमुळे नव्हे. त्या माणसांकडून दर वेळी ज्या गोष्टींची मागणी केली जात होती, त्या गोष्टींमुळे थकली होती.

तरीही दिग्दर्शकाचे श्रेय मी कमी लेखणार नाही, कारण ‘जुने टाकून द्या’ हा निर्णय कागदावर घेणे आणि तो पडद्यावर दिसणे यांत पुष्कळ अंतर असते. ‘कसिनो रोयाल’मधला मादागास्करचा पाठलाग आठवून पाहा. पळणारा माणूस बांधकाम चालू असलेल्या इमारतीत शिरतो, भिंतीच्या वरच्या बाजूला असलेल्या अरुंद झरोक्यातून मासोळीसारखा पलीकडे निसटतो, आणि त्याच्या मागून येणारा बॉण्ड मात्र झरोक्याकडे ढुंकूनही न पाहता ती प्लास्टरची भिंत अंगानेच फोडून बाहेर पडतो. हा माणूस ताकदवान आहे, हट्टी आहे, अजून कच्चा आहे आणि नजाकत त्याच्या गावीही नाही, हे सारे एका क्षणात, एकाही संवादाशिवाय कळते. आधीच्या चित्रपटांमध्ये हाणामारी ही कथेतली मध्यंतरे असत. येथे ती स्वभावचित्रण करते. पाठलागाच्या प्रसंगातून पात्र उभे करता येते, ही समज कॅम्पबेल यांची, आणि दिग्दर्शक बदलल्याने खरा फरक कोठे पडतो ते येथे नेमके दिसते.

काय टाकले याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. बॉण्डला करामती यंत्रे पुरवणारा क्यू नाही आणि ‘एम’ची सचिव मनीपेनीही नाही. बंदुकीच्या नळीतून दिसणारी ती प्रसिद्ध चित्रचौकट नेहमीप्रमाणे आरंभी मिरवत येत नाही. प्राग शहरातल्या कृष्णधवल प्रसंगात, प्रसाधनगृहातल्या झटापटीच्या शेवटी, ती कथेचाच भाग होऊन येते. पैसे हरून चिडलेल्या बॉण्डला मद्यशाळेतला माणूस मार्टिनी ढवळून देऊ की हलवून देऊ असे विचारतो, तेव्हा त्याची मला काय पर्वा आहे, अशा अर्थाचे उत्तर तो देतो. आणि ज्या वाक्याने नायकाने स्वतःची ओळख करून द्यावी अशी साऱ्या जगाची अपेक्षा असते, ते वाक्य चित्रपटाच्या अगदी शेवटपर्यंत राखून ठेवले आहे. त्याची मूळ धूनही तेव्हाच पूर्ण वाजते. प्रेक्षकाला हवे ते न देता ताटकळत ठेवायचे आणि शेवटी द्यायचे, यासाठी निर्मात्यांचा पाठिंबा लागतो आणि दिग्दर्शकाचा संयमही लागतो.

1995 ची गोष्ट थोडी वेगळी होती. त्या वेळी मालिका थकल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः कंपन्यांच्या मालकीहक्कांवरून चाललेल्या न्यायालयीन वादामुळे सहा वर्षे बंद पडली होती. दरम्यानच्या काळात बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ज्या शीतयुद्धाच्या जिवावर बॉण्ड जगत होता ते शीतयुद्धच संपले. ‘गोल्डनआय’ने हा प्रश्न लपवला नाही. शीर्षकदृश्यातच स्त्रिया हातोड्यांनी सोव्हिएत पुतळे फोडताना दिसतात. पुढे एका प्रसंगात बॉण्ड नव्या स्त्री-प्रमुखाच्या खोलीत जातो आणि तिच्या आधीचे साहेब कोन्याक ठेवत असत, असे सुचवतो; ती मला बर्बन आवडते असे सांगून त्याचा पेला भरते आणि मग शांतपणे त्याला स्त्रीद्वेष्टा डायनासोर आणि शीतयुद्धाचा अवशेष ठरवते. प्रेक्षकांच्या मनात असलेला आक्षेप चित्रपटानेच आधी उच्चारल्यामुळे उरलेल्या चित्रपटात बॉण्डला तो आक्षेप खोडण्याची संधी मिळाली. कोणत्याही मालिकेला उभारी देताना ही युक्ती उपयोगी पडते, फक्त ती एकदाच वापरता येते.

आता उलट बाजू पाहू. नवा दिग्दर्शक येतो, खरोखर काही नवे करतो आणि मालकच कच खातात, याचे उदाहरण म्हणजे 1969 चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’. आधीच्या बॉण्डपटांचे संकलक पीटर हंट यांना प्रथमच दिग्दर्शनाची संधी मिळाली. त्यांनी यंत्रांची आतषबाजी कमी केली, कादंबरीशी इमान राखले, बॉण्डचे लग्न लावले आणि शेवटच्या प्रसंगात त्याच्या पत्नीचा मृत्यूही दाखवला. नायकही नवा होता, जॉर्ज लेझनबी. चित्रपटाने नुकसान केले नाही. पण आधीच्या चित्रपटाइतकी कमाई झाली नाही, एवढ्यावर निर्माते बिचकले. पुढच्या चित्रपटासाठी त्यांनी शॉन कॉनरी यांना साडेबारा लाख डॉलर देऊन परत आणले, पत्नीच्या मृत्यूचा सूड जेमतेम सुरुवातीच्या काही मिनिटांत उरकला आणि पुन्हा थट्टामस्करीचा मार्ग धरला. हंट यांनी पुन्हा बॉण्डपट केला नाही. आज जाणकार हा चित्रपट मालिकेतल्या उत्तम चित्रपटांमध्ये गणतात, आणि 2021 च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये त्यातलेच गाणे पुन्हा वाजते. म्हणजे उभारी देणारा दिग्दर्शक मिळाला होता. ती उभारी मालकांना पेलली नाही आणि त्याचे मोल कळायला काही दशके जावी लागली.

जॉन ग्लेन यांचे उदाहरण मला अधिक मजेचे वाटते, कारण एकाच माणसाच्या हातून मालिका सावरली आणि त्याच हातांनी ती पुन्हा सुस्तावली. 1979 च्या ‘मूनरेकर’मध्ये बॉण्ड थेट अंतराळात गेला होता, त्याच्या पुढे जायला जागाच उरली नव्हती. आतापर्यंत संकलन आणि दुसऱ्या तुकडीचे दिग्दर्शन करणाऱ्या ग्लेन यांना 1981 चा ‘फॉर युअर आईज ओन्ली’ मिळाला, आणि त्यांनी आरंभीच बॉण्डची दिमाखदार लोटस गाडी स्फोटात उडवून दिली. मग त्याला एका खेळण्यासारख्या पिवळ्या सिट्रोएन गाडीतून डोंगरउतारावर पळ काढावा लागतो. नव्या दिग्दर्शकाने आपले धोरण यापेक्षा स्पष्ट शब्दांत जाहीर केल्याचे मला तरी आठवत नाही. पण दोनच वर्षांनी ‘ऑक्टोपसी’ आला. त्यातला उदयपूरचा रिक्षांचा पाठलाग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना बडवतात आणि रस्त्यावरची गर्दी टेनिसचा सामना पाहावा तशी माना इकडून तिकडे वळवते. आपला माणूस पडद्यावर दिसतो म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, ते ठीक. पण विनोदासाठी नटाच्या खऱ्या व्यवसायाचा आधार घ्यावा लागतो, तेव्हा कल्पकतेचा साठा संपत आला आहे हे ओळखावे. 1985 च्या चित्रपटापर्यंत रॉजर मूर 57 वर्षांचे झाले होते. दिग्दर्शक तोच होता, कसबही तेच होते, पण बदल करण्याची मालकांची निकड संपली होती.

सॅम मेंडीस यांच्याबाबतीत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. 2012 च्या ‘स्कायफॉल’ने 110 कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, रॉजर डीकिन्स यांच्या छायाचित्रणामुळे तो दिसायलाही देखणा होता आणि ‘एम’ व बॉण्ड यांच्या नात्याचा त्याला भक्कम आधार होता. तीन वर्षांनी त्याच मेंडीस यांनी ‘स्पेक्टर’ केला आणि त्यात जुन्या साऱ्या खलनायकांचा सूत्रधार बॉण्डचा मानलेला भाऊच निघाला. जग वाचवणाऱ्या हेराची कथा अशी घरगुती भांडणावर येऊन ठेपली. चांगला दिग्दर्शक आणणे हे पुरेसे असते, तर हे झाले नसते. खुद्द कॅम्पबेल यांनीही 2011 मध्ये ‘ग्रीन लँटर्न’ हा सुपरहिरोचा चित्रपट केला होता आणि तो किती वाईट आपटला ते सर्वज्ञात आहे.

हिंदीतला अनुभवही याला पूरक आहे. यशराज फिल्म्सच्या टायगर मालिकेचे तिन्ही चित्रपट तीन वेगळ्या दिग्दर्शकांनी केले: कबीर खान, अली अब्बास जफर आणि मनीष शर्मा. ‘वॉर’ सिद्धार्थ आनंद यांचा, तर 2025 चा ‘वॉर 2’ अयान मुखर्जी यांचा. म्हणजे दिग्दर्शक बदलण्यात कोठेच हात आखडता घेतलेला नाही. तरीही नायकाचा संथ गतीतला प्रवेश, परदेशातली गाणी, गद्दार निघणारा जुना सहकारी आणि शेवटी पुढच्या चित्रपटाची जाहिरात करणारा पाहुणा कलाकार हा साचा कोणालाही मोडू दिला गेला नाही, आणि ‘वॉर 2’चे स्वागत थंड झाले. ‘मिशन: इम्पॉसिबल’ने याच्या उलट केले. पहिले पाच चित्रपट पाच दिग्दर्शकांचे, आणि ब्रायन डी पाल्मा यांचा चित्रपट जॉन वू यांच्या चित्रपटासारखा मुळीच दिसत नाही, कारण तो तसा दिसू नये अशीच निर्माता म्हणून टॉम क्रूझ यांची इच्छा होती. पाचव्यापासून मात्र सलग चार चित्रपट क्रिस्टोफर मॅक्वॉरी यांच्याकडे राहिले; त्यांतला तिसरा आणि चौथा पाहताना मालिका स्वतःच्याच आठवणींच्या भाराने वाकल्याचे मला जाणवले.

आता व्हिलनव्ह यांच्याकडे वळतो. 2021 च्या चित्रपटात बॉण्ड मरतो, हे एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. कथेच्या दृष्टीने त्यामुळे पाटी कोरी झाली आहे. पण त्याहून मोठा बदल मालकीचा आहे. एमजीएम विकत घेण्यासाठी ॲमेझॉनने सुमारे 845 कोटी डॉलर मोजले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये झालेल्या करारानुसार बॉण्डच्या निर्मितीविषयीचे अधिकारही ब्रॉकली कुटुंबाकडून या कंपनीकडे गेले. 1961 मध्ये ईऑन ही बॉण्डपट काढणारी संस्था स्थापन झाल्यापासून प्रथमच हे निर्णय त्या घराण्याच्या हाती राहिलेले नाहीत. निर्मितीची धुरा एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन यांच्याकडे आली, जूनमध्ये व्हिलनव्ह यांची घोषणा झाली आणि त्यानंतर लेखक म्हणून ‘पीकी ब्लाइंडर्स’चे स्टीव्हन नाइट आले. चर्चा रंगते ती नायक कोण होणार यावर. माझ्या मते या चारही नावांइतकेच महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत: कंपनीला एक चित्रपट हवा आहे, की त्याच्या अवतीभवती उपकथा, मालिका आणि कार्यक्रम यांचा पसारा हवा आहे? 2023 मध्ये बॉण्डच्या नावावर तिने एक स्पर्धात्मक कार्यक्रम काढून पाहिला आहेच. पसाऱ्याचा मोह झाला, तर पहिल्याच चित्रपटात पुढच्या दहा गोष्टींची बीजे पेरण्याचा दबाव येईल, आणि व्हिलनव्ह यांच्या कामाची संथ, एकाग्र पद्धत त्याला मानवणारी नाही.

ती पद्धत बॉण्डला मात्र मानवू शकते, असे मला वाटते, आणि त्याचे कारण ‘सिकारिओ’ (2015) मधला सीमेवरच्या पुलाचा प्रसंग. मेक्सिकोहून कैदी घेऊन परतणाऱ्या सरकारी गाड्यांचा ताफा वाहतुकीच्या कोंडीत अडकतो. बराच वेळ काहीच घडत नाही. शेजारच्या रांगेतल्या एका गाडीत बसलेल्या माणसांच्या हातांवर, काचांवर, दाराच्या कडीवर नजर फिरत राहते. आपल्यालाही ती माणसे कोण आहेत हे हळूहळू कळू लागते. प्रत्यक्ष गोळीबार काही सेकंदांत आटोपतो. आजच्या हेरपटांत वीस-वीस मिनिटे गाड्या उलटत राहतात आणि कोणाच्याही छातीत धडकी भरत नाही. त्या तुलनेत थांबण्यातून निर्माण होणारा हा ताण फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांच्या कितीतरी जवळचा आहे. त्या कादंबऱ्यांत पत्त्यांचा एक डाव अनेक पाने चालतो, आणि कोणाच्या कपाळावर घाम आला, कोणी इन्हेलर ओढला, यावरच वाचक खिळून राहतो.

मला धास्ती वाटते ती विनोदाची. व्हिलनव्ह यांचे बहुतेक चित्रपट मी पाहिले आहेत आणि त्यांपैकी कोठे मनमोकळे हसल्याचे आठवत नाही. डॅनियल क्रेग यांच्या पाच चित्रपटांत बॉण्डचे बालपण, त्याची जखम, त्याचा विश्वासघात आणि त्याचा मृत्यू हे सारे झाले आहे. 2006 मध्ये गांभीर्य ही नवी गोष्ट होती. आता तोच साचा झाला आहे. म्हणून या खेपेला टाकून देण्यासारखी वस्तू म्हणजे अदृश्य मोटार नव्हे, तर नायकाचे दुःख आहे, आणि ते दुःख उदात्त करून दाखवण्यात वाकबगार असलेल्या दिग्दर्शकाच्याच हाती ही मालिका गेली आहे. हलकेपणा न आणता चातुर्य आणणे त्यांना जमले, तर हा चित्रपट उत्तम होईल असे मी खात्रीने म्हणेन. नाही जमले, तर आपल्याला एक अतिशय देखणा आणि थोडा कंटाळवाणा बॉण्डपट मिळेल. 2017 च्या ‘ब्लेड रनर 2049’चे समीक्षकांनी कौतुक केले, पण प्रेक्षक अपेक्षेइतके आले नाहीत, हेही येथे विसरून चालणार नाही.

पहिल्या चित्रपटाबाबत मी आशावादी आहे, कारण नव्या मालकांना आपली पात्रता सिद्ध करायची आहे आणि अशा वेळी माणसे धाडस करतात. माझी शंका दुसऱ्या चित्रपटाबद्दल आहे. ‘गोल्डनआय’नंतर दोन वर्षांत घाईने पुढचा चित्रपट काढला गेला आणि तो ठोकळेबाज निघाला. ‘कसिनो रोयाल’नंतर दोनच वर्षांत ‘क्वांटम ऑफ सोलेस’ आला, तोही लेखकांच्या संपामुळे पटकथा अर्धवट असताना. जेसन बॉर्न या दुसऱ्या पडद्यावरच्या हेराच्या चित्रपटांची नक्कल करत दर सेकंदाला चित्रचौकट बदलण्याच्या नादात त्यातल्या हाणामाऱ्यांमध्ये कोण कोणाला मारतो आहे हेच कळत नाही. एकदा यश मिळाले की मालक लगेच त्याचा साचा करायला बसतात, आणि दिग्दर्शकाला नाही म्हणण्याची मुभा तेव्हा सर्वांत कमी असते. व्हिलनव्ह यांनी पहिला चित्रपट करून निरोप घेतला, तर मला आश्चर्य वाटणार नाही. कॅम्पबेल यांनी दोन्ही वेळा तेच केले.